तुलनेची शाळा

१० जानेवारी

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता बाजूला ठेवलं असशील आणि चार दिवसांनी आज फोडत असशील. चालेल. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर मला थापा फार सहज मारता येतात. कागदावर निदान खाडाखोड तरी दिसते.

कामाचं पत्र आहे, घाबरू नकोस. एप्रिलअखेर मी निवृत्त होते. विद्यापीठाच्या संशोधन-वार्षिकाचा यंदाचा अंक माझ्या हातचा शेवटचा. ग्रंथालयाखालची ती तळघरातली खोली आठवते का, जिथे दिवसाही दिवा लावावा लागतो? अजून तिथेच बसते. यंदाचा ढीग बघायला हवा होतास. एकाने जुन्या दानपत्रांवर साक्षीदारांनी सह्यांऐवजी काढलेल्या खुणा गोळा केल्यात: नांगर, कात्री, मासा. एका शिक्षिकेने पहिलीतल्या मुलांना बोटांवर बेरीज करू द्यावी की नाही यात दोन वर्षं घालवलीत. (द्यावी, असं निघालंय. मी तिला दोन मिनिटांत सांगितलं असतं.) एका परिचारिकेने अंथरुणाला खिळलेल्या माणसांना किती तासांनी कुशीवर वळवलं तर पाठीला जखमा होत नाहीत, याची टिपणं पाठवलीत. साऱ्या प्राध्यापकांपेक्षा तिची भाषा सरळ आहे.

त्यातच एक लेख गिरणीतल्या आवाजाने कामगारांच्या कानांचं काय होतं, यावर आहे. परीक्षक हवा. कानांचा डॉक्टर माझ्या ओळखीत एकच, आणि तो माझ्याशी बोलत नाही. म्हणून हे पत्र.

अण्णा बरे आहेत. नव्वदी आली तरी भिंग हातातून सुटत नाही. पण ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, दर रविवारी बोलताच तुम्ही. तुझा फोन वाजला की मी कपडे वाळत घालायला जाते. एकतीस वर्षांत इतके कपडे कुणी वाळत घातले नसतील.

ढीग उपसताना आपलं जेवणाचं टेबल आठवलं. एका टोकाला अण्णांची हस्तलिखितं, मधे माझ्या शाळकरी पोरांच्या वह्या, दुसऱ्या टोकाला तुझी हाडं आणि तो झाकणासारखा उघडणारा प्लास्टरचा कान. जेवायचं तर तीन विषय उचलावे लागत, आणि आई गेल्यावर उचला म्हणणारं कुणी उरलं नाही, म्हणून आपण ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. एकदा तुझ्या शरीरशास्त्राच्या वहीत अण्णांचं तीनशे वर्षांपूर्वीचं पान निघालं, तेव्हा ते तुझ्यावर दोन दिवस फुगून बसले होते. आणि ऐकू येतं का बघायचा तुझा तो नादकाटा! टणकन वाजवून तू अण्णांच्या टकलावर टेकवायचास. ते मान न हलवता, वाचता वाचता सांगायचे, "डावीकडे जास्त."

लेख सोबत आहे. महिनाभरात पाठव.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

लेख मिळाला. चार ठिकाणी लाल शाई, शेवटी सही, आणि माझ्यासाठी एक अक्षर नाही. पाकिटावर मात्र तू आधी "ताई" लिहिलंस आणि मग ते खोडून माझं पूर्ण नाव घातलंस. मी भिंगाखाली धरून पाहिलं. अण्णांचीच मुलगी आहे मी.

आता काम नाही, तरी लिहिते आहे.

गेल्या मंगळवारी तळघरात एक मुलगी आली. शिक्षणशास्त्रात संशोधन करते, तिसरं वर्ष. खुर्ची दिली तरी कडेवरच टेकलेली. माझ्या वाचनपद्धतीवर काम करते आहे. चार शाळांत दोन वर्षं राबवली, अक्षरन्‌अक्षर माझ्या पुस्तकाप्रमाणे, आणि मुलांच्या वाचनात म्हणावा तसा फरक पडत नाही. तिच्या मार्गदर्शकांनी तिला सांगितलंय की पद्धत नावाजलेली आहे, तेव्हा गडबड तुझ्या हाताची. प्रबंध नाकारला जाईल अशी तिला धास्ती आहे.

"माझंच काहीतरी चुकतंय, बाई," ती म्हणाली. "तुमची मूळ नोंदवही बघायला मिळाली तर मी कुठे कमी पडते ते कळेल."

मी म्हटलं, "अगं, ती केव्हाच गेली. घर बदललं तेव्हा."

घर आपण कधी बदललं? तोच दुसरा मजला, तेच टेबल. नोंदवही कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात आहे, आईच्या शालीखाली. ती पोर "बरं" म्हणून उठली, वर माझे आभार मानून गेली. जिना चढताना तिची पिशवी कठड्याला अडकली, तीही तिने चुकल्यासारखी सोडवून घेतली.

तेव्हापासून मला टेकडीखालच्या शाळेतला तुझा पहिला दिवस आठवतो आहे. तू अजून धड डॉक्टरही झाला नव्हतास. "नुसता बसून राहा, मुलांना पाहुणे आवडतात," असं सांगून मी तुला नेलं होतं. तू गप्प बसशील तर ना. मधल्या सुट्टीत तू एकेकाला उजेडात उभं करून कानात डोकावायला लागलास. शेवटच्या बाकावरची ती मुलगी आठवते? मी तिला "मठ्ठ, पण गोड" असं लिहून ठेवलं होतं. तू तिच्या दोन्ही कानांतून मळाचे खडे काढलेस, तिसऱ्या दिवशी की चौथ्या. मी फळ्याकडे वळून लिहायला लागले आणि ती बाकावरून दचकून उठली. खडूचा आवाज तिने तोवर ऐकलाच नव्हता. मग सबंध तास ती फळ्याकडे बघण्याऐवजी माझ्या हातातल्या खडूकडे बघत होती.

तू दारात उभा होतास. तुझा चेहरा मला अजून दिसतो. मला वाटतं, तू कानांचा डॉक्टर व्हायचं तेव्हाच ठरवलंस.

ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

उत्तर नाही. बरं.

नोंदवही काढली. शाल बाजूला केली, टेबलावर घेऊन बसले आणि पहिल्या पानापासून वाचली. माझं अक्षर तेव्हा किती बरं होतं! समासात तुझं गिचमिड, पेन्सिलीने. टेकडीखालच्या शाळेत चौतीस मुलं, त्यांतल्या चौदांच्या नावापुढे तुझा लहानसा "का". कुणाच्या कानात मळ, कुणाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं, कुणाचा कान वाहतोय. त्या चौदांचे कान तू आठवड्यातून दोनदा येऊन पुसलेस, थेंब घातलेस, तिघांना इस्पितळात नेऊन पडद्यात नळ्या बसवून आणल्यास. त्याच महिन्यांत मी माझी नवी पद्धत शिकवत होते. वर्षअखेर मुलं वाचायला लागली. काय आनंद झाला होता मला! आकडे घेऊन मी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत आले होते.

ते आकडे या आठवड्यात मी पुन्हा मांडले. चौदाजण वेगळे काढले, आणि उरलेली वीस मुलं दुसऱ्या, तुलनेच्या शाळेतल्या मुलांच्या जेमतेम दोन पावलं पुढे आहेत. पद्धत अगदी टाकाऊ नाही. पण जी उडी मी जगाला दाखवली, ती त्या चौदांची होती, आणि ती तुझी होती.

हे मला तेव्हाही माहीत होतं. इतकं लिहायला मला एकतीस वर्षं लागली, तेव्हा हसू नकोस.

तू प्रबंधाचा कच्चा मसुदा वाचून टेबलावर ठेवलास आणि विचारलंस, "ताई, यात कान कुठे आहेत?"

मी म्हटलं, "कानांचा प्रबंध तू लिही. हा वाचनाचा आहे."

अण्णा समोर होते. शुद्धलेखन तपासत होते माझंच. त्यांनी मान वर केली नाही.

पण आपलं भांडण त्याच्यावर नव्हतं, हे तुलाही माहीत आहे. दुसऱ्या शाळेवर होतं. पुलापलीकडच्या. तिथे मी पद्धत शिकवत नव्हते, नुसती तुलनेला घेतली होती. तू तिथेही गेलास आणि छत्तीसांपैकी अकराजणांपुढे "का" लिहिलास. औषधं घेऊन निघालास तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. "तिथे हात लावू नकोस, माझी तुलना बिघडेल. वर्षाची परीक्षा होऊ दे, मग खुशाल कर." परीक्षा झाली. मग मी म्हटलं, प्रबंध जमा होऊ दे, नाहीतर कान कुठून आले असं परीक्षक विचारतील. मग प्रबंधही झाला. तोवर तू बॅग भरली होतीस.

आता खरं कारण लिहिते, ज्यासाठी हे पत्र आहे. त्या अकरा नावांत सातवं नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं. आमच्या छापखान्यात एक बाइंडर आहे. अकरा वर्षं माझे अंक तोच बांधतो. शिवण इतकी सुरेख की पाठीवरून हात फिरवावा. एका कानाने त्याला मुळीच ऐकू येत नाही, दुसऱ्याने थोडं. मी त्याच्याशी ओरडून बोलते. कधी वैतागूनसुद्धा. त्याने चुकून निळ्याऐवजी काळं कापड लावलं तेव्हा "कान आहेत की भोकं?" असंही म्हटलंय मी, सगळ्यांसमोर.

तोच आहे. खात्री करून घ्यायला मी छापखान्यात गेले. तो सरसाचं भांडं ढवळत होता. विचारलं, "लहानपणी कुठल्या शाळेत होतात?"

"पुलापलीकडच्या, बाई. चौथीपर्यंत. पुढे जमलं नाही." मग हसून म्हणाला, "आमच्या वर्गात एक डॉक्टर आले होते, पोरगेलेसे. कानात बघून म्हणाले होते, परत येतो."

मी तशीच घरी परतले.

ताई


८ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझ्या उत्तराची वाट बघत राहिले असते तर पुन्हा काहीतरी सबब सापडली असती, म्हणून आधी करून टाकलं आणि आता कळवते आहे.

त्या मुलीला बोलावून नोंदवही तिच्या हातात दिली. म्हटलं, "मी तुझ्याशी खोटं बोलले. घर बदललेलं नाही, आणि तुझं काहीही चुकलेलं नाही." तिने उभ्या उभ्या पानं चाळली. समासातल्या "का"वर बोट ठेवून विचारलं, "हे काय, बाई?" सांगितलं. मला वाटलं रडेल. ती चिडली. "दोन वर्षं मी स्वतःला मूर्ख समजत होते," म्हणाली. आवाज चढला होता तिचा, आणि या वेळी ती खुर्चीत पूर्ण टेकून बसली होती. मी ऐकून घेतलं. जाताना तिने नोंदवहीची पोच लिहून दिली, तारखेसकट. चांगली संशोधक होणार ती.

मग शेवटच्या अंकासाठी टिपण लिहिलं. चार पानं. चौदाजण, अकराजण, तू काय केलंस, मी काय गाळलं, दारात काय म्हटलं, सगळं. छापण्याआधी अण्णांना वाचून दाखवलं. तुला ठाऊक आहे, त्यांचा सारा जन्म नकलनवीसांनी गाळलेल्या ओळी शोधण्यात गेला. दोन प्रती शेजारी ठेवून कुठे काय सुटलं ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्या प्रबंधात ते फक्त ऱ्हस्वदीर्घ बघत होते.

वाचून झालं. ते म्हणाले, "एक मुद्दा राहिला."

"कोणता?"

"मी. मला दिसलं होतं. नोंदवही टेबलावरच असायची. छत्तीस आणि चौतीस, दोन्ही बाजू मी ताडून पाहिल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत, अण्णा?"

"तू एवढी खुश होतीस," ते म्हणाले. "आई गेल्यापासून घरात कुणी खुश झालं नव्हतं. म्हटलं, धाकटा दोन दिवस रागावेल आणि येईल. त्याच्या बाजूने बोललो असतो तर एकीचा प्रबंध गेला असता. गप्प बसलो, तर मुलगा गेला."

मग भिंग पुसत बसले.

टिपणात त्यांचा मुद्दा घातला नाही. ते मागे लागले आहेत. अंकाची संपादक मी आहे, असं सांगून वाद मिटवला.

टिपणाची प्रत तुला सोबत पाठवते आहे; विद्यापीठाला आणि शाळांच्या मंडळाला आधीच दिली. विद्यापीठात आता काहीजण माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतात. निरोपाचा कार्यक्रम "सवडीने" होणार आहे, म्हणजे होणार नाही. पद्धत वापरणाऱ्या शाळांच्या मंडळाने खुलासा मागवला आहे. देईन.

सगळ्यांत जड गेलं ते बाइंडरला सांगणं. अंक बांधायला जायच्या आधी त्याने वाचायला हवं, कारण छापलेले कागद त्याच्याच टेबलावरून जातात. पण तो सावकाश वाचतो, बोट ठेवून, आणि ते बोट अडखळताना बघायची माझी छाती झाली नाही. समोर बसून, ओठ दिसतील असं तोंड करून, हळू बोलून सांगितलं. ओरडले नाही.

त्याने सगळं ऐकलं. एकदाच म्हणाला, "म्हणजे मी ढ नव्हतो?"

"नाही."

"माझी आई म्हणायची. कुणी ऐकायचं नाही तिचं."

मग त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. कापडाचा तागा उलगडला, पट्टी ठेवली, कापायला लागला. मी जायला उठले तेव्हा पाठमोराच म्हणाला, "ते डॉक्टर अजून आहेत का?"

धाकट्या, तू आहेस का?

ताई


१७ मार्च

ताई,

त्याला पाठव. येताना आधीचे काही कागद असतील तर आणायला सांग. कोणता कान वाहतो, अजून वाहतो का, चक्कर येते का, हे विचारून ठेव. पोहता येत असेल तर आतापासून पाण्यात उतरायचं नाही.

तुझं टिपण वाचलं. दोन आकडे चुकलेत, दुरुस्त करून पाठवतो आहे. नळ्या तिघांना नव्हे, चौघांना बसवल्या होत्या.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. गाव सोडायच्या आदल्या दिवशी मी औषधं घेऊन पुलापलीकडे गेलो होतो. शिपायाने फाटक उघडलं नाही, शाळेला सुट्टी लागली म्हणाला. शाळा उघडली की येऊ, असं ठरवून मी निघालो. इथे पोचलो, कामाला लागलो. शाळा उघडली, मी आलो नाही. एका दिवसाची रजा काढली असती तर भागलं असतं. त्यानंतर हजारो कान बघितले असतील मी. दर वेळी मनात तुला नावं ठेवली की माझं फाटक मला दिसायचं नाही. सोपं होतं ते.

तू एकटीने सगळं अंगावर घेतलंयस ते खरं नाही. टिपणाच्या शेवटी हे चार ओळींत घाल आणि खाली माझी सही दे. कापू नकोस. अण्णांचंही घाल, ते ऐकणार नाहीत.

धाकटा


१२ मे

प्रिय धाकट्या,

बाइंडर परवा परतला. उजव्या कानाची नस गेली आहे, तिथे काही होणार नाही, हे तू त्याला तोंडावर स्पष्ट सांगितलंस ते बरं केलंस. त्याने मला जसंच्या तसं सांगितलं. डाव्या पडद्याला लावलेलं ठिगळ धरलंय म्हणाला. "ठिगळ" हा शब्द तुझा की त्याचा? छापखान्यात आल्या आल्या त्याने मला हात वर करून थांबवलं. "हळू बोला, बाई. अख्ख्या छापखान्याला कळतंय." लोक हसले. मीही हसले आणि मग तळघरात जाऊन तोंड धुवून आले.

अंक निघाला आहे. निवृत्तीनंतरही छापखान्यात का दिसते, असं कुणी विचारत नाही, कारण मी पत्ते शोधत असते. चिठ्ठीत तू येऊन तपासतो म्हणालास, त्या उरलेल्या दहांचे. ती संशोधक मुलगी मदतीला आहे. अजून माझ्यावर पुरती खुश नाही, पण शाळेचे जुने दाखले काढण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. तिच्या प्रबंधाचा आराखडा नव्याने मंजूर झालाय. आता तिच्या विषयात कानही आहेत.

पाचजण सापडले. एक ट्रक चालवतो, त्याला काही त्रास नाही; त्याचा कान आपोआप बरा झाला होता, आणि त्याला आपण का शोधतो आहोत हेच कळेना. एकीने चहा पाजला आणि येते म्हणाली. दोघे भाऊ आहेत, चप्पल-बुटांचं दुकान चालवतात, एकमेकांशी खुणांनी बोलतात आणि त्यात त्यांचं बरं चाललंय, तरी येतील.

पाचवीकडे काल गेले होते. ती लहान मुलांची शिकवणी घेते, घरीच. तीन मुलं पाढे म्हणत होती आणि ती त्यांच्या ओठांकडे बघत होती. शनिवारी डॉक्टर येणार म्हणून सांगितलं आणि टिपणाची पानं पुढे केली. तिने दारातच उभ्याने वाचली, शेवटपर्यंत, तुझ्या चार ओळींसकट.

"आता काय उपयोग, बाई?" ती म्हणाली. "मला सगळ्यांनी घुमी म्हटलं. माझं लग्न मोडलं त्यावरून. चाळीस वर्षांची झाले मी. आता तुम्ही दारात येऊन सांगता, तुलना बिघडली असती म्हणून."

खूप वर्षं मी शिकवलंय, धाकट्या, कुठल्याही प्रश्नाला तोंड देता येतं मला. मुलं पाढे म्हणायची थांबली होती. तिथे एवढंच म्हटलं, "तुमचं बरोबर आहे."

तिने दार लावून घेतलं. मी जिना उतरून खालच्या पायरीवर आले असेन, तेव्हा वरून कडी वाजली. ती कठड्यावरून वाकून बघत होती. राग तसाच होता चेहऱ्यावर.

"डॉक्टर किती वाजता येणार आहेत?"

मी शनिवारी दहा म्हटलं आहे. वेळेवर ये.

ताई